ज्या घरांची देशाला लाज वाटली



इटली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे येतात. रोमचे ते गोल, पडके क्रीडागृह, पाण्यात उभे असलेले व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा. सहलवाल्यांच्या जाहिरातींतही हीच चार-पाच नावे असतात. सकाळी एक शहर, संध्याकाळी दुसरे. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. घरी आल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवायचे. एवढा पैसा खर्चून माणूस काय घेऊन आला, असे विचारले तर सांगता येत नाही.

आज मी तुम्हाला इटलीतील एका वेगळ्या शहराबद्दल सांगणार आहे. त्याचे नाव मातेरा. नाव ऐकून काही आयाबायांना हसू येईल. धान्य पाखडून, निवडून झाले की खाली माती-खड्यांसह जे उरते त्याला आपल्याकडे मातेरे म्हणतात. इटालियन भाषेतल्या नावाचा आपल्या मातेऱ्याशी काहीही संबंध नाही. पण या शहराची कथा वाचल्यावर तुम्हीच म्हणाल की, काही काळ तिथल्या माणसांना त्यांच्या देशाने अगदी तसेच बाजूला सारले होते.

कुणी विचारील, 'आपल्यासारख्या नोकरदार, कष्टकरी माणसांनी इटलीच्या गप्पा कशाला माराव्यात?' प्रश्न रास्त आहे. पण आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून युरोपात शिकायला जात आहेत. कुणाचा भाऊ जहाजावर आहे, कुणाची मुलगी परदेशी कंपनीत आहे. त्यांना चार दिवसांची सुट्टी मिळते, कधी आई-वडिलांनाही ते बोलावून घेतात. तेव्हा कुठे जायचे हे ठरवताना हे नाव लक्षात असावे. आणि ज्यांना कधीच जायला मिळणार नाही, त्यांनीही ही हकीकत वाचावी, कारण ती गरिबांच्या घरांची हकीकत आहे.

कुठे आहे हे शहर?

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्या मधला जो पोकळ भाग, तिथे बासिलिकाता नावाचा प्रांत आहे. त्याचे जुने नाव लुकानिया. इटलीचा उत्तर भाग कारखान्यांचा आणि श्रीमंतीचा, तर दक्षिण भाग शेतीचा आणि गरिबीचा, अशी त्या देशाची फार जुनी विभागणी आहे. त्या गरीब दक्षिणेतही बासिलिकाता हा मागे राहिलेला प्रांत. मातेरा हे तेथील सुमारे साठ हजार वस्तीचे जिल्ह्याचे गाव. १६६३ ते १८०६ पर्यंत ते या प्रांताची राजधानी होते. पुढे राजधानी पोतेन्सा या गावी गेली आणि मातेराचे महत्त्व उतरले.

शहराच्या एका अंगाला खोल दरी आहे. तिला ग्राविना म्हणतात. खाली ओढा वाहतो. या दरीच्या कडेला, उतारावर मातेराचे जुने भाग वसले आहेत. त्यांना 'सास्सी' म्हणतात. सास्सो म्हणजे दगड, सास्सी हे त्याचे अनेकवचन. असे दोन भाग आहेत. एक सास्सो कावेओझो आणि दुसरा सास्सो बारिझानो. दोहोंच्या मध्ये उंच टेकाडावर चिविता हा सर्वांत जुना भाग आणि त्यावर तेराव्या शतकातले मोठे चर्च आहे. ज्यांची ऐपत होती ते वर सपाटीवर राहायला गेले, गरीब उतारावर राहिले. वर कोण आणि खाली कोण, हे गावाच्या रचनेवरूनच कळते.

लेणी म्हटले की आपल्याला कठीण काळा कातळ आठवतो. मातेराचा दगड तसा नाही. तो पिवळसर, चुनखडीचा आणि मऊ आहे. साध्या हत्याराने तो खोदता येतो. म्हणून हजारो वर्षांपासून माणसांनी इथे कडा खोदून निवारा केला. आत खोदत जायचे आणि निघालेल्या दगडाच्या चिरांनी पुढची भिंत, दरवाजा, कमान बांधायची. लांबून घरासारखे घर दिसते, पण आत गेले की मागची खोली डोंगराच्या पोटात असते. एकावर एक अशा या रांगा आहेत. खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे अंगण. काही ठिकाणी तर तुम्ही ज्या रस्त्याने चालता, त्याच्याखाली कुणाचे तरी घर असते.

पाण्याचा हिशेब

या भागात पाऊस कमी. दरीतला ओढा फार खाली. मग हजारो माणसे आणि त्यांची जनावरे पाण्यावाचून कशी जगली? इथल्या लोकांनी घराघराखाली, अंगणाखाली घंटेच्या आकाराच्या टाक्या खोदल्या. त्यांना आतून पाणी न झिरपणारा गिलावा दिला. छपरावर पडणारा पाऊस दगडी पन्हळींतून या टाक्यांत आणला. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असा सारा हिशेब.

शहराच्या मुख्य चौकाचे नाव पियाझ्झा व्हित्तोरियो व्हेनेतो. या चौकाखाली 'पालोंबारो लुंगो' नावाची प्रचंड टाकी आहे. ती एकोणिसाव्या शतकात आजच्या आकाराला आली. तिच्यात सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावत असे. पुढे विसाव्या शतकात नळ आले आणि लोक टाकीला विसरले. १९९१ साली चौकाच्या कामाच्या वेळी ती पुन्हा उजेडात आली. आज जिन्याने खाली उतरून ती पाहता येते. खडकात खोदलेले उंच खांब आणि भिंतीवर पूर्वीच्या पाण्याच्या रेषा दिसतात. मोठमोठे राजवाडे पाहताना राजाचे नाव सांगतात. इथे नाव सांगायला कुणी राजा नाही, आहे ते लोकांचे हातकाम. पाण्याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एका खोलीत सगळे घर

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. ती कटू आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मातेराची वस्ती वाढली, पण जमीन मूठभर बड्या जमीनदारांकडेच राहिली. पूर्वी ज्या गुहा गोठा, कोठार किंवा टाकी म्हणून वापरात होत्या, त्यांतही माणसे राहू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या सास्सींमध्ये सुमारे पंधरा हजार माणसे राहत होती. त्यांत बहुतेक शेतमजूर, कुळे आणि गुराखी. पुरुष पहाटे अंधारात खेचर घेऊन निघत, मैलोन्‌मैल चालत दुसऱ्याच्या शेतावर जात आणि अंधार पडल्यावर परतत.

घर कसे होते ते पाहायचे असेल तर सास्सो कावेओझोमध्ये विको सोलितारियो या बोळात एक जुने घर जसेच्या तसे मांडून ठेवले आहे. पुढे दार, आणि उजेड व वारा येतो तो त्या दारातूनच. आत उंच पलंग. तो उंच का? एक तर खालची ओल लागू नये म्हणून, आणि दुसरे म्हणजे पलंगाखाली कोंबड्या ठेवता याव्यात म्हणून. गादीत मक्याची पाने भरलेली. लहान मुले पेटीच्या खणात निजत. मागच्या बाजूला खेचर बांधलेले. खेचर म्हणजे घरातला सर्वांत महागाचा जीव, ते चोरीला गेले तर कुटुंब उपाशी मरणार. म्हणून तेही घरात. त्याच्या अंगाची ऊब थंडीत माणसांना मिळत असे. आणि त्याच्या शेणामुताचा वास, माशा आणि रोगही माणसांनाच मिळत.

मलेरिया हा तर त्या भागाचा कायमचा पाहुणा होता. डोळ्यांचा खुपरी रोग मुलांमध्ये फार. किती बाळे वर्षाची व्हायच्या आत जात, त्याची गणती वाचताना अंगावर काटा येतो.

ही स्थिती देशाला कळली ती एका पुस्तकामुळे. कार्लो लेव्ही हे उत्तरेकडील तुरीन शहरातले. शिक्षणाने डॉक्टर, पण मनाने चित्रकार आणि लेखक. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीला त्यांनी विरोध केला. त्याची शिक्षा म्हणून सरकारने १९३५ साली त्यांना लुकानियातील दूरच्या खेड्यांत स्थानबद्ध करून ठेवले. तिथल्या अनुभवांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा की, ख्रिस्त एबोली या गावापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिथल्या शेतकऱ्यांच्या बोलीत 'ख्रिश्चन' म्हणजे 'माणूस'. त्यांचे म्हणणे असे की, आम्हाला कुणी माणसात धरतच नाही, माणुसकी आमच्या गावापर्यंत पोहोचलीच नाही.

बंधू-भगिनींनो, हे वाक्य कुठल्या देशातले आहे हे सांगितले नसते, तर तुम्ही काय म्हटले असते?

याच पुस्तकात लेव्हींच्या बहिणीने सांगितलेली मातेराची हकीकत आहे. ती स्वतः डॉक्टर. भावाला भेटायला जाताना ती मातेरात उतरली आणि सास्सींतून फिरली. उघड्या दारांतून तिला आजारी माणसे दिसली, माशा बसलेले मुलांचे डोळे दिसले. मुले तिच्यामागे धावू लागली. तिला वाटले, पैसे मागत असतील. पण मुलांना पैसे नको होते. ती मलेरियाचे औषध, क्विनाइन मागत होती.

लाज कुणाची?

दुसरे महायुद्ध संपले, फॅसिस्ट राजवट गेली आणि इटली प्रजासत्ताक झाले. १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्याती मातेराला येऊन गेले. १९५० मध्ये पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी आले. मातेराला 'राष्ट्रीय लाज' म्हटले जाऊ लागले ते याच काळात. १९५२ साली संसदेने खास कायदा केला. राहण्यास अयोग्य असलेल्या गुहा रिकाम्या करायच्या आणि लोकांसाठी सरकारने नवी घरे बांधायची. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत सुमारे पंधरा हजार माणसे हलवली गेली. ला मार्तेल्ला हे नवे खेडे १९५३ साली वसले. त्याचा आराखडा लुदोव्हिको क्वारोनी आणि त्यांच्या सहकारी वास्तुशिल्पींनी केला. सेर्रा व्हेनेर्दी, लानेरा, स्पिने बियांके अशा नव्या वसाहती शहराच्या कडेला उभ्या राहिल्या. रिकाम्या झालेल्या गुहांपुढे भिंती बांधण्यात आल्या, म्हणजे कुणी परत येऊ नये.

आता मी वाणिज्य शाखेचा माणूस. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जमेच्या बाजूला काय? नळाचे पाणी, खिडक्या, उजेड, संडास. जनावर वेगळे, माणूस वेगळा. मुले जगू लागली. ही बाब लहान समजू नये. आज काही लेखक, कलावंत जुन्या सास्सींतील जीवनाचे फार गोडवे गातात. 'किती साधे, किती निसर्गाजवळचे' असे म्हणतात. ज्याला रात्री पक्क्या घरात परत जायचे असते, त्यालाच गरिबी साधी आणि सुंदर दिसते. ज्या आईने त्या उंच पलंगावर एकामागून एक लेकरू गमावले, तिला कुणी विचारले नाही.

पण नावेची बाजूही आहे. सास्सींमध्ये सात-आठ किंवा दहा-बारा घरे एका अंगणाभोवती असत. त्याला 'व्हिचिनातो' म्हणत, म्हणजे शेजार. अंगणात सगळ्यांची मिळून एक पाण्याची टाकी. एकीचे बाळ आजारी पडले तर दुसरी त्याच्या उशाशी बसे. धुणे, विणकाम, भांडणे आणि समेट सगळे तिथेच. चाळीत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. लोक नव्या घरात गेले तेव्हा भिंती मिळाल्या, पण शेजार विखुरला. कोण कुठे जाणार हे कागदावर ठरले. ला मार्तेल्लाची आखणी करणाऱ्यांनी आधी लोकांच्या राहणीचा अभ्यास केला होता आणि शेजार टिकावा म्हणून प्रयत्नही केला. तरी जुना शेजार जसाच्या तसा उचलून नेता आला नाही. आणि जमिनीचा मूळ प्रश्न घराने सुटला नाही. पुढे अनेकजण कामासाठी उत्तरेला आणि परदेशात निघून गेले.

आणखी एक गोष्ट नावे बाजूला लिहावी लागते. 'राष्ट्राची लाज' हा शब्द कुणाला लागला? ज्यांनी शेकडो वर्षे जमीन दाबून ठेवली त्यांना नाही. तो लागला गुहेत राहणाऱ्यांना. आपण सास्सींतले आहोत हे सांगायला अनेकांना कित्येक वर्षे संकोच वाटत असे. अन्याय करणारा निवांत आणि ज्याच्यावर झाला तो मान खाली घालून उभा. लाजेचे हे असे चुकीच्या खात्यावर नोंदणे फक्त इटलीतच होते असे नाही.

भिंती पुन्हा उघडल्या

१९५९ साली मातेरातील काही तरुणांनी 'ला स्कालेत्ता' नावाचे मंडळ काढले. मंडळ म्हटले की वर्गणी आणि गाणी असे आपल्याला वाटते. या मंडळाने वेगळे काम केले. त्यांनी दरीच्या दोन्ही कडांवर फिरून, खडकात कोरलेली जुनी चर्चे शोधून त्यांची नोंद केली. १९६३ मध्ये त्यांना एक गुहा सापडली. गुराखी तिथे मेंढ्या बांधत. आत भिंतीवर हजार वर्षांहून जुनी रंगचित्रे होती, बायबलमधली आदम-हव्वेची कथा लाल फुलांच्या शेजारी रंगवलेली. मेंढ्यांच्या वासात आणि धुरात ती राहिली होती. आज ही गुहा दुरुस्त केली आहे आणि ठरावीक वेळी लोकांना दाखवली जाते.

हळूहळू विचार बदलला. १९८६ साली आणखी एक कायदा झाला. सास्सींची दुरुस्ती करायची, नळ-वीज-गटारे घालायची आणि लोकांना तिथे पुन्हा राहू-वागू द्यायचे. १९९३ मध्ये युनेस्कोने सास्सींना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २०१९ साली बल्गेरियातील प्लोव्हदिव्हबरोबर मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. पंतप्रधानांनी ज्यासाठी मान खाली घातली, त्याच घरांपुढे सात दशकांच्या आत जगभरचे लोक तिकीट काढून उभे राहू लागले. चित्रपटवाले तर आधीच आले होते. पियेर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ चा आपला ख्रिस्तावरचा चित्रपट इथे काढला आणि गावातली साधी माणसे त्यात घेतली. पुढे मेल गिब्सनचा २००४ चा चित्रपट झाला. २०२१ साली आलेल्या जेम्स बाँडच्या चित्रपटात मोटारींचा पाठलाग याच दगडी गल्ल्यांत झाला.

आज अनेक गुहांत हॉटेले आहेत. खेचर बांधायचे तिथे आता मंद दिवे आणि गरम पाण्याचे टब आहेत. एका रात्रीचे भाडे ऐकून पूर्वीच्या रहिवाशाला घेरी येईल. सास्सींतील बहुतेक घरे सरकारी मालकीची, ती नगरपालिकेमार्फत करारावर दिली जातात. ज्यांना तिथून उठवले त्यांच्यापैकी फार थोडे परतले. वसाहतीतली आजी बसने येऊन जुन्या दारासमोर उभी राहते, तेव्हा आत पाहुणे चहा पीत असतात. तरीही एक चांगली बाब झाली. त्या कुटुंबांची नातवंडे आज वाटाडे होऊन, बेकरी किंवा खाणावळ चालवून तिथे पोट भरतात, आणि 'माझे आजोबा याच बोळात राहत' हे ताठ मानेने सांगतात.

तिथे जाल तर काय पाहाल?

जवळचा विमानतळ बारी या समुद्रकाठच्या शहरात. तिथून रस्त्याने साधारण पासष्ट किलोमीटर. बारीहून मातेराला लहान रुळांची गाडी जाते, दीड ते दोन तास लागतात. रविवारी जायचे असेल तर वेळापत्रक आधी पाहून घ्या. इटलीला जायला आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी तीस हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा काढावा लागतो. शेंगेन देशांत शिकणाऱ्या मुलांना तिथल्या तिथे जाता येते.

दोन रात्री पुरेशा आहेत. गुहेतल्या महागड्या हॉटेलचा हट्ट धरू नका, वर सपाटीच्या भागात साध्या खोल्या मिळतात. पायांत रबरी तळव्याचे बूट असू द्या, कारण पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी खाली उतरलेच पाहिजे असे नाही. वरच्या चौकांच्या कठड्यावरून सगळे सास्सी दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. संध्याकाळी दरीपलीकडे मुर्जिया तिमोनेच्या पठारावर जावे. तिथून समोर एकेक दिवा लागताना दिसतो. तिथे अश्मयुगातल्या वस्तीच्या खुणाही आहेत.

पाव जरूर खा. मातेराचा पाव बारीक रव्यासारख्या गव्हाच्या पिठाचा, जाड सालीचा, आठ-आठ दिवस टिकणारा. पूर्वी घरोघर भट्टी नव्हती. बायका घरी पीठ मळून सार्वजनिक भट्टीवर नेत. कुणाचा पाव कोणता हे कळावे म्हणून त्यावर लाकडी शिक्का मारत. शिक्क्यावर घरच्या कर्त्याच्या नावाची अक्षरे कोरलेली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांचेही नाव असे रोजच्या भाकरीवर उमटत होते. हे शिक्के आज दुकानात आठवण म्हणून विकत मिळतात.

१ ऑगस्टला 'क्राप्याता' करतात. सुगी संपली की शेजारच्या प्रत्येक घरातून मूठ-मूठ गहू, हरभरे, मसूर, घेवडा, बटाटे गोळा करायचे आणि एकाच मोठ्या भांड्यात शिजवून सगळ्यांनी खायचे. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, पण वाढताना सर्वांना सारखे. २ जुलैला ब्रुनाचा उत्सव असतो. त्यात कारागिरांनी महिनोन्‌महिने खपून केलेला कागदी लगद्याचा रथ मिरवतात आणि शेवटी लोक तुटून पडून काही मिनिटांत त्याचे तुकडे घरी नेतात.

एका ठिकाणी मुद्दाम जा. टेकडीवर त्रामोंतानो नावाच्या सरदाराचा अर्धवट किल्ला आहे. मधला जाड बुरूज आणि बाजूचे दोन बुरूज, बस्स. या सरदाराने कर्ज करून ठेवले आणि ते फेडायला लोकांवर कर लादले. २९ डिसेंबर १५१४ रोजी चर्चमधून बाहेर पडताना लोकांनी त्याला ठार केले. किल्ला तसाच राहिला. ज्या गल्लीत हे घडले तिला आज 'रिस्कात्तो' म्हणजे सुटका असे नाव आहे. रक्तपात मला मान्य नाही, पण गरीब मुकाट सोसतो असे ज्यांना वाटते त्यांनी ती गल्ली पाहावी. २१ सप्टेंबर १९४३ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याविरुद्धही हे शहर उठले होते.

आणि एक चित्र

सगळ्यांत शेवटी पालाझ्झो लान्फ्रांकी या इमारतीतील संग्रहालयात जा. तिथे कार्लो लेव्हींनी काढलेले एक चित्र आहे, 'लुकानिया ६१'. लांबी सुमारे साडेअठरा मीटर, एका डब्याएवढी भिंत भरून. १९६१ साली इटलीच्या एकीकरणाची शताब्दी तुरीनला साजरी झाली, तेव्हा प्रत्येक प्रांताने आपले दालन मांडले. लेव्हींनी लुकानियासाठी शेतमजूर, काळ्या शालीतल्या बायका आणि गुहांमधली मुले रंगवली. त्यात मध्यवर्ती आहे तो रोक्को स्कोतेल्लारो.

हा माणूस आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९२३ साली मातेरा जिल्ह्यातील त्रिकारिको गावी त्याचा जन्म झाला. वडील चांभारकाम करीत, आई शिवणकाम करी आणि गावातल्या निरक्षर लोकांची पत्रे लिहून देई. रोक्को शिकला, कविता लिहू लागला. १९४६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी तो गावाचा महापौर झाला. जमिनीच्या प्रश्नावर शेतकऱ्यांबरोबर उभा राहिला आणि १९४७ मध्ये गावात दवाखाना उघडवला. ज्यांना हे खुपले त्यांनी पैशाच्या अफरातफरीचा आरोप केला. १९५० मध्ये त्याला मातेराच्या तुरुंगात सुमारे दीड महिना राहावे लागले. आरोप खोटा ठरला, तो सुटला, पण मन दुखावले ते कायमचे. १९५३ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा कवितासंग्रह त्याच्यामागे १९५४ मध्ये निघाला आणि त्याला इटलीतील नामांकित पारितोषिक मिळाले. चित्रात एकीकडे तो लोकांसमोर उभा राहून बोलतो आहे, आणि दुसरीकडे त्याच्या मृतदेहाभोवती बायका बसल्या आहेत.

रोममध्ये तुम्हाला सम्राटांचे पुतळे दिसतील. चांभाराच्या मुलाचे एवढे मोठे चित्र पाहायला मात्र मातेरालाच जावे लागेल.

म्हणून माझे सांगणे एवढेच. जाणे झाले तर त्या गल्ल्यांत फोटो जरूर काढा. पण विको सोलितारियोच्या घरात पाच मिनिटे गप्प उभे राहा. तो पलंग, तो खण, ते खेचराचे ठाण पाहा. मग शहराच्या बसने सेर्रा व्हेनेर्दीला जा आणि तिथल्या साध्या इमारतींच्या खिडक्यांकडेही पाहा. त्या खिडक्यांसाठी किती माणसांना किती वर्षे वाट पाहावी लागली हे तेव्हाच कळेल. दोन्ही पाहिल्याशिवाय मातेरा पाहिले असे होत नाही.

आणि जाणे झाले नाही, तर आज रात्री जेवताना मुलांना जवळ बसवा. आपले आजोबा-आजी कोणत्या खोलीत, कोणत्या झोपडीत राहत होते, पाणी कुठून आणत होते, किती जण एका घोंगडीखाली निजत होते, ते सांगा. अनेक घरांत हे सांगितले जात नाही. पोरांना कमीपणा वाटेल म्हणून आपण ते लपवतो. मातेराच्या लोकांनीही काही वर्षे लपवले. आता त्यांची नातवंडे तीच घरे जगाला दाखवत आहेत. मग आपण निदान आपल्या लेकरांना तरी का सांगू नये?